खिशातलं मीठ

मी बारावीला जाईपर्यंत आमच्या घरात मीठ विकत आणल्याचं मला आठवत नाही. मागच्या दाराशी मोरीच्या भिंतीला लागून एक निळं प्लास्टिकचं पिंप होतं आणि त्यात आमच्या आगराचं मीठ असायचं. खडे मीठ, रंगाने जरा मातकट. जिभेवर ठेवलं की आधी खारट आणि मागून किंचित कडसर लागायचं.

आगर म्हणजे मिठागर. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, उन्हात आटवायचं आणि खाली धरलेलं मीठ ओढून त्याच्या राशी लावायच्या. आजोबांनी आयुष्यभर हेच केलं आणि त्यांच्यानंतर वडिलांनी. मी शाळेत होते तेव्हा ते आगर गेलं. आधी मातीचा भराव पडला, मग रस्ता झाला, मग इमारती उभ्या राहिल्या. शेवटच्या हंगामातली रास वडिलांनी विकली नाही. ती टेम्पोत भरून घरी आणली, भावकीत वाटली आणि आमच्या वाटणीचं मीठ त्या पिंपात भरलं. आईने वर झाकण लावलं आणि त्या झाकणावर दगड ठेवला.

आगराच्या बदल्यात जे मिळालं त्यातून आमचं घर पक्कं झालं आणि मी शिकले. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि हे मी कधी विसरत नाही. मी पनवेलच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी. ए. केलं, नंतर समुपदेशनाचा डिप्लोमा केला. आज कामोठ्याच्या एका शाळेत मुलांना परीक्षेचा ताण कसा सांभाळायचा हे सांगते. वडिलांना मात्र आगर गेल्यावर काही काम उरलं नाही. गावातल्या कुणी डंपर घेतले, कुणी टाइल्सचं दुकान टाकलं, कुणी बिल्डरबरोबर बसायला लागलं. वडील ओट्यावर बसले. मिळालेल्या प्लॉटवरून भावकीत वाद होता, त्याची तारीख पडत राहायची. तारखेच्या आदल्या दिवशी त्यांचा जबडा सारखा हलत असायचा.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं की ते सुपारी खातात. तो मिठाचा खडा असायचा. आगरावर असताना त्यांना बोट बुडवून पाणी चाखायची सवय होती. पाणी किती मुरलंय, मीठ कधी धरेल, हे ते चवीवरून सांगायचे. आगर गेलं तरी तोंडाची ती सवय गेली नाही. सदऱ्याच्या खिशात दोन-चार खडे असायचे आणि मनाला काही लागलं की एक खडा गालात जायचा. मी आजारी पडले तेव्हा, आजी गेली तेव्हा, माझा बारावीचा निकाल होता तेव्हा.

बी. ए.च्या पहिल्या पेपरला ते माझ्याबरोबर रिक्षाने कॉलेजपर्यंत आले होते. गेटपाशी मोठ्या गाड्यांतून उतरणाऱ्या मुली पाहून मी रिक्षातच बसून राहिले. माझ्याकडे बघून त्यांनी खिशातून एक खडा काढला.

"जिभंखाली ठेव, बाय. भ्याव जातो."

मी ठेवला. पेपर अभ्यासामुळे बरा गेला हे मला कळत होतं. तरी पुढे प्रत्येक पेपरला माझ्या कंपासपेटीत एक खडा असायचा.

त्याच वर्षी आम्हाला ताण आणि आरोग्य हा धडा होता. ताण आला की हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात. हे फार दिवस चाललं तर शरीर थकतं. म्हणून माणूस ताणाशी सामना करायचे मार्ग शोधतो. कुणी अडचणीलाच भिडतो, कुणी निदान मन तरी शांत करतो. मी ओट्यावर मोठ्याने वाचत पाठ करायचे आणि वडील ऐकत बसायचे.

"म्हंजे मी करतो ता पुस्तकात हाय," ते एकदा म्हणाले.

"हो बाबा, हाय."

ते खूश झाले. पुस्तकात आपलं काही सापडलं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं.

मी शाळेत नोकरीला लागल्यावर त्यांचे पाय सुजायला लागले. चप्पल काढली की पट्ट्याची खूण पायावर तशीच राहायची. आई म्हणाली, ओट्यावरून पाय खाली सोडून बसतात म्हणून होतं. डोकं दुखायला लागलं तेव्हा ती म्हणाली, उन्हाचं आहे. मी त्यांना पनवेलमध्ये डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी दोनदा प्रेशर मोजलं, रक्त-लघवी तपासायला दिली, आणि रिपोर्ट आल्यावर खुर्ची जरा पुढे घेतली.

"काका, प्रेशर खूप दिवसांपासून वाढलेलं दिसतंय. किडन्यांवर परिणाम झालाय. आता दोन गोष्टी करायच्या. मीठ बंद करायचं आणि टेन्शन घ्यायचं नाही."

वडिलांनी मान हलवली. मीही हलवली. वाटेत रिक्षात मला जाणवलं की डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, पण टेन्शन न घेणं वडिलांना आजवर मिठाच्याच जोरावर जमत आलं होतं. पण तेव्हा मी ते मनातच ठेवलं. मला वाटलं, आता खडाही सुटेल. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर सुटेलच.

घरात नियम कडक झाले. भाजी अळणी, भात अळणी. बोंबील आणि सुकट माळ्यावर गेले. वडील कुरकुर न करता जेवायचे. त्यांच्या पिढीतली माणसं डॉक्टरांशी वाद घालत नाहीत. सगळ्यात जास्त मजा वाटली ती चाचांना. चाचा म्हणजे वडिलांचे लहानपणापासूनचे दोस्त. आखातात बरीच वर्षं नोकरी करून परत आले आणि पनवेलच्या बाजारात किराण्याचं दुकान घातलं. दुपारी दुकान पोरावर सोडून ते स्कूटरवरून आमच्या ओट्यावर यायचे.

"काय शेठ, मीठ बंद झालं म्हणे. माझा धंदा बसला."

"तुज्या दुकानातला मीठ मी कदी खाल्लाय? ता मीठ नाय, पीठ हाय."

"पीठ तर पीठ. आयोडीन आहे त्यात."

"त्याच्यानंच तुजी अक्कल वाढली नाय का?"

"अक्कल कमी आहे म्हणून तर तुमच्याकडे येतो, शेठ. इथे मला बरं वाटतं, दोघांची सारखीच."

चाचांनाही प्रेशर होतं. ते गोळी वेळेवर घ्यायचे, नमाजाला जाऊन यायचे आणि शांत झोपायचे. मी ते पाहायचे आणि मनातल्या मनात तुलना करायचे.

दोन-तीन महिने गेले. गोळ्या वाढवल्या. अळणी जेवण चालू होतं. तरी प्रेशर उतरेना, पायाची सूज उतरेना. डॉक्टर दर वेळी विचारायच्या, "मीठ खाताय का?" आणि वडील सरळ सांगायचे, "नाय." ते खोटं बोलत नव्हते. हे मला नंतर कळलं.

पावसाळ्याचे दिवस होते. मी सुट्टी म्हणून कपडे धुवायला घेतले होते. वडिलांचा सदरा उचलला तर बाकी सगळा कोरडा आणि खिशाची जागा मात्र ओली. कडेला पांढरी रेघ. ओल्या हवेत मिठाला पाणी सुटतं हे आगरी घरातल्या मुलीला वेगळं सांगायला लागत नाही. मी सदरा घेऊन आईकडे गेले.

"आई, बाबांच्या खिशात काय असतं?"

"खडा."

"मिठाचा?"

"मंग काय, हिऱ्याचा?"

"अगं, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना?"

"केलाय ना बंद. भाजीत नाय, भातात नाय. ता मीठ पाकिटाचा. ह्या आपला हाय."

ती मला फसवत नव्हती. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात ही दोन वेगळीच द्रव्यं होती. पिंपातलं मीठ कमी होऊ लागलं तशी आईने स्वयंपाकाला पाकिटाचं मीठ आणायला सुरुवात केली आणि पिंपातलं राखून ठेवलं. दाढ दुखली की गुळण्या त्याच्या. पाय मुरगळला की शेक त्याच्या पुरचुंडीचा. माझी दृष्ट त्यानेच काढली जायची, पापडाच्या पिठात चिमूटभर तेच पडायचं. ते औषध होतं, देवाघरचं होतं, आगर गेल्यावर उरलेलं होतं. डॉक्टरांचं वाक्य आमच्या घरी आलं ते थेट स्वयंपाकघरात गेलं. मागच्या दारापर्यंत पोचलंच नाही.

मी वडिलांशी बोलले. चित्र काढून दाखवलं, मूत्रपिंड काय करतं, मीठ काय करतं. त्यांनी नीट ऐकलं.

"म्हंजे आपला मीठ पण?"

"हो बाबा. सगळं मीठ एकच."

मी त्यांच्यापासून काहीतरी काढून घेत होते, आणि तेही एका वाक्यात. ते म्हणाले, "तू शिकलीस. तू बोलतेस तर खरा असल."

दुसऱ्या दिवशी चाचांनी पोराला टेम्पो घेऊन पाठवला आणि पिंप त्यांच्या गोदामात गेलं. वडील ओट्यावर बसून ते चढवताना पाहत होते. "तिरपा नको करू," एवढंच म्हणाले.

मी माझ्या परीने रिकामी जागा भरायला गेले. शाळेत मुलांना शिकवते तसा मोजून श्वास घ्यायला शिकवलं. ते डोळे मिटून बसले, एक डोळा उघडून म्हणाले, "तुजी पोरा ह्या करतात, आणि पास व्हतात?" बडीशेप दिली, वेलची दिली. एकदा खडीसाखर दिली, खड्यासारखी दिसते म्हणून. त्यांनी ती गालात धरली, जरा वेळाने हातात काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. "बकरीला फसव. मना नको." कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं असं कुणीतरी सांगितलं. मी आशेने डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यात पोटॅशियम असतं, किडनीच्या पेशंटला ते तर अजिबात नको.

वडिलांनी खरंच खडा सोडला. माझ्यासाठी सोडला, हे मला ठाऊक आहे. आणि पुढचे दिवस फार वाईट गेले. त्यांना झोप लागेना. ओट्यावर बसवेना. आईवर कधी आवाज न चढवणारा माणूस चहा गार झाला म्हणून कप आपटू लागला. भावकीच्या वादाची तारीख जवळ आली तसे ते घरातून चालत निघून जायला लागले. कुठे गेलात, तर म्हणायचे, इथंच.

एका दुपारी शाळेत चाचांचा फोन आला. मी त्या वेळी दहावीच्या मुलांना, ताण आला की कुणाशी तरी बोला, असं सांगत होते. चाचा म्हणाले, "बेटा, घाबरू नको. तुझे अब्बा माझ्याबरोबर आहेत."

घरी पोचले तेव्हा चाचांनी त्यांना खाटेवर बसवलं होतं. ते कळंबोलीच्या बाजूला मोठ्या रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर उभे सापडले होते. दोन्हीकडून लोखंडाचे ट्रेलर जात होते. चाचा माल आणायला तिकडून चालले होते म्हणून दिसले.

"मी विचारलं, शेठ, इथे काय करता? तर मला हात करून दाखवतात, इथून आपला बांध जायचा."

"जायचाच," वडील म्हणाले.

"तुमचा बांध तिथे नव्हता हो. तो पार अलीकडे."

"तुना काय ठावा? तू दुबईला व्हतास."

चाचा हसले, पण त्यांचे डोळे माझ्याकडे होते. मी मशीन काढून वडिलांचं प्रेशर मोजलं. आजवर कधी नव्हतं इतकं वर गेलं होतं. त्यांच्या तोंडात कितीतरी दिवसांत मिठाचा कण नव्हता. संध्याकाळी त्यांना पनवेलला नेलं तेव्हाही डॉक्टरांनी विचारलं, "मीठ खाताय?" मी म्हटलं, नाही, खरंच नाही. "मग टेन्शन आहे का काही?" वडील हसले. मला त्या हसण्याची भीती वाटली.

त्यानंतर काही दिवसांनी आई चाचांच्या दुकानात जाऊन आली. पदराच्या टोकाला गाठ होती. ती गाठ मी पाहिली आणि भाजी चिरायला बसले. संध्याकाळी वडील ओट्यावर बसले होते आणि त्यांचा जबडा हलत होता. त्यांच्या खांद्यांचा ताठरपणा गेला होता. त्या दिवशी ते जेवले, आईला काहीतरी चिडवलं, झोपले. मी मशीन काढलंच नाही. मला दोन्ही आकड्यांची भीती वाटत होती. उतरलेलं दिसलं असतं तर मी काय करणार होते, आणि चढलेलं दिसलं असतं तरी काय? आठवडाभरात चप्पलच्या पट्ट्याची खूण पुन्हा खोल झाली.

नंतर हे असंच चाललं. खडा काढून घेतला की मन पेटायचं, दिला की पाय सुजायचे. मी आईशी भांडायचे, मग मीच म्हणायचे, अर्धा दे. आई अडकित्त्याने खडा फोडायची. वडील त्या अर्ध्या खड्याकडे बघून म्हणायचे, "लगनाचा परसाद हाय काय?" मी शिकलेल्या कुठल्याच पानावर अर्ध्या खड्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. ज्या गोष्टीने माणूस टिकतो तीच त्याला संपवत असेल तर समुपदेशकाने काय म्हणायचं, हे मी माझ्या डिप्लोमाच्या मॅडमना फोन करून विचारलं. त्या पुष्कळ शिकलेल्या होत्या. त्याही एवढंच म्हणाल्या, "त्यांच्याजवळ बस." मी बसतच होते.

गेल्या थंडीत रिपोर्टचा दिवस आला. किडनीच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या वेळचे आकडे पाहून डायलिसिसचं ठरेल. सकाळी आईने वडिलांचा धुतलेला सदरा काढला, माझ्यासमोर खिसा उलटा करून दाखवला, आणि मग त्यांना घातला. मी पर्समध्ये कागदात गुंडाळून एक खडा घेतला. आईला सांगितलं नाही. कशासाठी घेतला ते मलाही नीट सांगता येणार नाही.

दवाखान्यात स्टीलच्या खुर्च्यांच्या रांगेत वडिलांना बसवून मी आत गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट फार वेळ पाहिला नाही. "आता लांबवण्यात अर्थ नाही. डायलिसिसची तयारी सुरू करू. आधी हाताची छोटी सर्जरी लागेल, सुईसाठी शीर तयार करायला." मी डोकं हलवून सगळं ऐकलं, गोळ्यांबद्दल दोन प्रश्न विचारले, आभार मानले आणि बाहेर आले.

वडिलांचा हात खिशावर होता. खिसा रिकामा आहे हे त्यांना माहीत होतं, तरी बोटं आत जाऊन येत होती. मी शेजारी बसले.

"काय बोल्ले?"

मी सांगितलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत, शाळेत बोलते त्या आवाजात. आठवड्यातून दोनदा यायचं, मशीन रक्त साफ करतं, दुखत नाही, पुष्कळ लोक करतात.

"कायमचा?"

"हो, बाबा."

त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. जबडा एकदा हलला, नुसताच. मी पर्स उघडली, कागद सोडला आणि खडा हातात घेतला. आता एका खड्याने काय होणार होतं? मी तो त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी आधी खड्याकडे पाहिलं, मग माझ्या दुसऱ्या हाताकडे. त्यात कागदाचा चोळामोळा झाला होता.

"तू ठेव," ते म्हणाले.

"नको बाबा, तुमच्यासाठी हाय."

"ठेव तोंडात, बाय. भ्याव जातो."

मी तो जिभेखाली ठेवला. आधी खारट, मागून किंचित कडसर. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आगरावर पाणी चाखून वर बघायचे तसे, आता मी काय म्हणतेय, अशा नजरेने.

"हाय अजून तसाच?"

"हाय."

"मंग बरा," ते म्हणाले.

भीती गेली नव्हती. नर्सने आडनाव पुकारलं. वडील खुर्चीच्या हाताला धरून उठले, खिशावरून एकदा हात फिरवला आणि हाताच्या सर्जरीची तारीख घ्यायला माझ्या पुढे चालू लागले.